फोडणीचा हक्क

रायपूर शहराच्या जुन्या भागात, कंकाली तलाव आणि तात्यापारा यांच्या सान्निध्यात वसलेल्या ब्राह्मणपाऱ्यातील मराठी घरांत मॅगी पुडीवर छापलेल्या आज्ञेप्रमाणे शिजवण्याचा प्रघात फारसा नाही. पाणी उकळावे, वडी मोडून टाकावी, मसाला घालावा आणि दोन मिनिटांत उतरवावे, इतकी सुटसुटीत कृती हाती असतानाही तेथील गृहिणी आधी कढईत तेल तापवते, मोहरी तडतडू देते, हिंग, हळद, हिरवी मिरची आणि तेथे ज्याला मीठा नीम म्हणतात तो कढीपत्ता घालते, त्यात कांदा, मटार आणि मूठभर शेंगदाणे परतते, आणि मगच त्या वडीला कढईत प्रवेश देते. बाहेरून आलेल्या पाहुण्यास हा अलीकडच्या हौसेचा प्रकार वाटतो. मला मात्र त्यात एका जुन्या वहिवाटीची अंमलबजावणी दिसते, आणि तिचा माग घ्यावयाचा तर भोसल्यांच्या सुभ्यापर्यंत मागे जाणे प्राप्त आहे.

1741 साली भास्करराम कोल्हटकर याच्या स्वारीने रतनपूरचे कलचुरी राज्य नागपूरकर भोसल्यांच्या वर्चस्वाखाली आले. 1758 पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार केला, आणि 1787 साली त्यांच्या निधनानंतर नागपुराहून सुभेदार नेमण्याची पद्धत सुरू झाली. सुभेदार विठ्ठलराव दिनकर यांच्या अमदानीत मुलखाची परगण्यांत वाटणी झाली, आणि परगण्यांच्या कारभारासाठी कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे, पोतदार अशी जी अधिकाऱ्यांची साखळी उभी राहिली, तिच्यातून लेखणीवर पोट असलेली कित्येक मराठी कुटुंबे या प्रांतात रुजली. 1818 नंतर इंग्रज अधीक्षक ॲग्न्यू याने कचेरी रतनपुराहून रायपुरास आणली. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. तथापि राज्य गेले म्हणून कारकुनाची गरज संपत नाही, आणि दफ्तराबरोबर आलेली घरे दफ्तराच्या मागोमाग रायपुरातच राहिली. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी असा त्यांचा त्रिभाषी संसार पुढे इतका सहज झाला की, ज्या माधवराव सप्र्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले त्यांचे अखेरचे दिवस याच शहरात जावेत, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही.

भाषेचे जे झाले ते स्वयंपाकघरातही झाले. छत्तीसगढ हा धानाचा मुलूख. तांदळाचा फरा, तांदळाचा चीला, तांदळाची अंगाकर रोटी, रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी खाल्लेली बासी, असे तेथील अन्नाचे सारे जमाखर्च भाताच्या खात्यावर चालत. गहू अगदीच अप्राप्य होता असे नव्हे. परंतु नागपूर-वऱ्हाडाकडून आलेल्या घरांना ज्या विपुलतेची सवय होती ती येथे नव्हती, आणि ती उणीव पोळीपेक्षाही शेवयांच्या बाबतीत अधिक जाणवत असली पाहिजे. कारण पोळी ही नित्याची, तर शेवया ही प्रतिष्ठेची वस्तू. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यकग्रंथात गव्हाच्या पिठाच्या अतिसूक्ष्म, यवासारख्या वळ्या करून, वाळवून, दुधात शिजवून तुपसाखरेसह खाव्यात असे ‘सेविका’ या नावाखाली सांगितले आहे. हे वर्णन आजच्या लांब शेवयांपेक्षा लग्नाच्या रुखवतात मांडल्या जाणाऱ्या गव्हल्यांना अधिक जुळते. विदर्भात याच कुळातील सरगुंडे काडीभोवती पीठ गुंडाळून करतात आणि उकडून आमरसाबरोबर वाढतात. 1880 नंतरच्या दशकात नागपूर-छत्तीसगढ रेल्वे झाली, पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेत विलीन होऊन कलकत्त्याच्या मार्गास मिळाली, आणि पश्चिमेकडचा गहू रायपूरच्या बाजारात येणे सुकर झाले. रेल्वेच्या इतिहासात या गोष्टीस स्थान नाही, पण स्वयंपाकघराच्या इतिहासात ती नोंदवली पाहिजे.

शेवया करणे हे काम एकटीचे कधीच नव्हते. चैत्र सरता सरता गहू ओलवून, सुकवून, दळून, वस्त्रगाळ करून सपीट वेगळे काढीत. ते मिठाच्या पाण्यात भिजवून, तास-दोन तास मुरू देऊन, तेलाचा हात लावून वरवंट्याने इतके कुटीत की गोळा ओढला असता तुटू नये. मग ज्यांचा हात वळला होता त्या पाटावर तळहाताने लांब तार काढीत, आणि ज्यांच्या घरी लोखंडी यंत्र आले होते त्या ते बाजेच्या किंवा पाटाच्या कडेस स्क्रूने आवळून एकीकडून दांडा फिरवीत. यंत्रातून उतरणाऱ्या तारा झेलून आडव्या काठीवर टाकण्याचे काम मुलींकडे, आणि कावळे व वारा यांपासून त्यांचे रक्षण करण्याचे काम त्या घरातील सर्वांत निरुपयोगी इसमाकडे, म्हणजे सुटीवर आलेल्या मुलाकडे असे. वैशाखातले रायपूरचे ऊन या कामासाठी जणू शासनाने मंजूर केलेले. एका वाड्यातील चार घरे आज एकीच्या, उद्या दुसरीच्या शेवया करीत, आणि हा परस्पर वेठीचा हिशेब कोठेही लिहिला जात नसे, परंतु तो कोणी विसरतही नसे. हिवाळ्यात याच घरांनी छत्तीसगढी शेजारणींकडून रखिया बडी शिकून घेतली होती, म्हणजे किसलेला कोहळा आणि वाटलेले उडीद यांचे सांडगे. आणि मला असे वाटते की, दोन समाजांत सोयरीक न होताही जो स्नेह टिकला त्याचे श्रेय सभासंमेलनांपेक्षा या वाळवणांस अधिक आहे.

आता या वाळवणांचा एक विशेष असा की, त्यांत कष्ट अगोदर उरकून घेतलेले असत आणि निर्णय पुढे ढकललेला असे. डब्यात भरलेली शेवई ही अर्धीच कृती. तिचे पुढे काय करावयाचे, दूध-गूळ घालून खीर, रसाबरोबर नुसती उकडून, की मोहरी-हिंगाच्या फोडणीवर परतून तिखट, हे त्या दिवशी घरात कोण आले आहे, एकादशी आहे की नाही, दूध उरले आहे की नासले आहे यावर ठरे. पीठ कुटण्यात चौघींचा वाटा, परंतु फोडणीचा अधिकार फक्त त्या चुलीच्या मालकिणीचा. ज्या समाजात स्त्रीच्या नावावर जमीन नव्हती, वतन नव्हते आणि कागदोपत्री बहुधा काहीच नव्हते, त्या समाजात हा एक हक्क निर्वेध चालत आला, आणि तो किती जिवापाड जपला जाई हे सासू-सुनांच्या कलहाचा बारकाईने अभ्यास करणारास वेगळे सांगावे लागणार नाही.

इकडे हे असे चालले असता, जपानमध्ये ओसाकाजवळील इकेदा येथे मोमोफुकु आंदो नावाच्या गृहस्थाने 1958 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या झटपट नूडल्स विक्रीस आणल्या. महायुद्धानंतर जपानात अन्नाचा तुटवडा होता, अमेरिकेचा शिल्लक गहू तेथे येत होता, आणि लोकांनी पाव खावा असे सरकारी धोरण होते. आंदो यांचे म्हणणे असे की, गहूच खावयाचा तर आमच्या सवयीच्या रूपात का खाऊ नये? त्यांची युक्ती साधी पण विलक्षण होती. वाफवलेल्या नूडल्स उकळत्या तेलात तळल्या असता त्यांतील पाणी क्षणात वाफ होऊन निघून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे राहतात. त्याच छिद्रांतून पुढे गरम पाणी आत शिरते आणि वडी पुन्हा मऊ होते. वैशाखाचे ऊन जे काम दोन दिवसांत करी ते तेलाने एक-दोन मिनिटांत केले, इतकाच तत्त्वतः फरक. आपल्याकडे याच सुमारास, म्हणजे 1956 च्या करारापासून, अमेरिकेचा गहू रेशनच्या दुकानांत येऊ लागला होता. त्या लाल गव्हाबद्दल लोकांनी नाके मुरडली, ती सकारण होती. पण त्याच्या शेवया करणाऱ्या बायकांनी काय काय सोसले असेल त्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

मॅगी भारतात 1983 साली आली. रायपूरचे दूरचित्रवाणीशी नाते त्यापूर्वीचे होते. 1975-76 च्या उपग्रह-प्रयोगात ज्या जिल्ह्यांतील खेड्यांत संच बसवले गेले त्यांत रायपूर होता. म्हणून 7 जुलै 1984 रोजी मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली आणि तिच्या प्रायोजकाने आपल्या दोन मिनिटांच्या नूडल्सचे गुणगान आरंभिले, तेव्हा या शहरात ते ऐकावयास श्रोते तयार होते. जाहिरातीतील मूल भूक लागल्याचे सांगे आणि आई दोन मिनिटे मागे. या दोन वाक्यांत वाड्यातील चार घरांचा उन्हाळा निकालात निघाला, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नसावे.

वडीलधाऱ्या स्त्रियांचे आक्षेप कमी नव्हते. मैद्याची वस्तू, कोणी कशी केली माहीत नाही, आणि त्या मसाल्यात कांदा-लसणाची पूड. तेव्हा ज्या घरांत चातुर्मास पाळला जाई तेथे त्या चार महिन्यांत पुडीतली पुडी तशीच बाजूला ठेवली जाई आणि तिच्या जागी गोडा मसाला, आमसूल किंवा लिंबू आणि चिमूटभर साखर येई. मॅगीच्या शृंगाराचा ब्राह्मणपाऱ्यातील आरंभ मी तरी या नकारातच मानतो. एकदा कंपनीचा मसाला वगळता येतो हे सिद्ध झाले की पुढचे सर्व मार्ग खुले होतात. “आधी फोडणी कर, मग तुझी ती वडी टाक,” असे सांगणाऱ्या सासूने वस्तुतः पराभव पत्करून हक्क राखून ठेवला होता. त्यानंतर दाण्याचे कूट आले, ओले खोबरे आले. हिवाळ्यात लाल भाजी बारीक चिरून आली. शेजारच्या छत्तीसगढी घरातून सिलेवर वाटलेली पतालची, म्हणजे टोमॅटोची, हिरवी मिरची-कोथिंबीर घातलेली चटणी आली आणि तिने सॉसच्या बाटलीस कायमची रजा दिली. रखिया बडी तुपात तळून, खलबत्त्यात जाडसर कुटून वर पसरण्याची जी रीत आहे ती तर, माझ्या नम्र मते, या सर्व प्रकारांतील शिरोमणी होय. कारण मऊ नूडल्सला तिच्यामुळे दाताखाली काही तरी मिळते, आणि उडदाच्या योगाने त्या पोकळ अन्नाला थोडे सत्त्वही येते.

2015 च्या 5 जून रोजी शिसे व अजिनोमोटो यांच्या वादात केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या नूडल्सवर बंदी घातली. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली गेली नाहीत म्हणून ती रद्द केली व पुन्हा तपासणीचा आदेश दिला. नोव्हेंबरात माल पुन्हा दुकानांत आला. मधल्या पाच महिन्यांत गृहिणींनी तीच फोडणी बाजारच्या तयार शेवयांना दिली, आणि मुलांनी ती मुकाट्याने खाल्ली. वस्तू बदलली तरी वहिवाट अबाधित राहते, याचा याहून चांगला पुरावा कोणत्या न्यायालयात मागावा?

अलीकडे चीज, मेयोनीज आणि शेजवान या नावाने विकली जाणारी लाल चटणी यांचा मॅगीवर मारा करण्याची रीत तरुण मंडळींत आहे. तिच्याविरुद्ध माझी तक्रार परकेपणाची नाही, कारण परकेपणाचा मुद्दा काढला तर मिरची, टोमॅटो आणि शेंगदाणा यांनाही हद्दपार करावे लागेल. तक्रार एवढीच की, ज्या पुडीत मीठ आणि तेल आधीच मुबलक आहे तिच्यावर पुन्हा मीठ आणि तेल ओतणे हा शृंगार नव्हे, ती उधळपट्टी आहे. म्हणून ज्या वाचकास हा प्रयोग घरी करावयाचा असेल त्याने पुडीतील मसाला निम्माच घालावा, फोडणीत मीठ मुळीच घालू नये, पाणी मोजून घ्यावे, लिंबू कढई खाली उतरवल्यावरच पिळावे, आणि रायपुरात कोणी नातेवाईक असेल तर त्यास पत्र लिहून हिवाळ्यात पावशेर रखिया बडी अवश्य मागवावी.