चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

स्वस्त म्हणून एखादी वस्तू घरात आणली आणि तिच्यापायी खर्च वाढत गेला, की आमच्याकडची म्हातारी माणसं एवढंच म्हणायची, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!"

आताच्या पोरांना आणा ठाऊक नाही. पूर्वी सोळा आण्यांचा रुपया होता. १ एप्रिल १९५७ पासून शंभर नव्या पैशांचा रुपया झाला, तरी पंचवीस पैशांना लोक चार आणेच म्हणत राहिले. २०११ साली तेही नाणं बंद झालं. म्हण मात्र अजून चालते.

तिच्यातला हिशेब बघा. चार आणि बारा, सोळा. भरला रुपया! म्हणजे सांगितलेली किंमत पाव हिस्सा आणि न सांगितलेली पाऊण.

पण कोंबडीपेक्षा मसाला महाग कसा? तर कोंबडी दारातली. उकिरडा उकरून, सांडलेले दाणे टिपून वाढायची. तिला रोख पैसा लागत नव्हता. मिरची, कांदा, धणे रानातले. पण मिरी आणि वेलदोडे यायचे मलबारकडून, लवंग तर जंजिबारहून जहाजानं. वाटेत दहा हातांचा नफा चढून ती वाण्याच्या दुकानात पोचायची, आणि तिथं रोकडा मोजावा लागायचा. म्हणून मला वाटतं, ही म्हण शेतकऱ्याच्या चुलीपाशीच जन्मली असावी. घरचं स्वस्त, विकतचं महाग.

मला ती खरी उमगली हायब्रीड ज्वारीमुळं. सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी १९६४ साली आली. मागोमाग ती आमच्या भागातही पसरली. दाणा भरपूर द्यायची, हे नाकारून चालणार नाही. त्या टंचाईच्या दिवसांत पोटभर भाकरी ही मोठी गोष्ट होती. पण आधी बी घरचं असायचं, चांगली कणसं निवडून राखलेलं. हायब्रीडची पिशवी दरसाल विकत. मग युरिया विकत, फवारा विकत. गावरान ज्वारी डोक्याच्या वर जायची, ही बुटकी. कडबा कमी पडला आणि बैलांसाठी वैरणही विकत घ्यायची वेळ आली. ऐन काढणीला पाऊस लागला तर दाणा काळा पडायचा आणि बाजारात भाव पडायचा. पिशवी ही कोंबडी होती. बाकी सगळा मसाला.

ही म्हण कोंबडी घेऊच नका असं सांगत नाही. हायब्रीड घेतली नसती तर कित्येक घरं उपाशी राहिली असती. मसाल्याचं आधी विचारा, एवढंच तिचं म्हणणं. बोअर असो, ट्रॅक्टर असो की लेकराची कॉलेजची फी, समोरचा माणूस चार आणेच सांगणार. वरच्या बारा आण्यांचा हिशेब आपण घरूनच करून निघायचा.