निकालावर अनुदान : शिक्षणाचा खर्च, शिक्षणाचा दर्जा आणि फुल्यांचे निवेदन

सार्वजनिक शिक्षणाचा दर्जा त्यावर होणाऱ्या खर्चाने ठरतो काय, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राच्या कक्षेतला मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का लक्ष घालावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि आधुनिक भारतीय भाषांचा वाचकवर्ग ज्या प्राथमिक शाळांतून घडला, त्या शाळांच्या अनुदानाचे नियम हे या भाषांच्या वाङ्मयेतिहासाचेही एक साधन आहे. कोणत्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक यावे आणि ते किती काळ राहावे, हे पुष्कळदा शिक्षकाच्या इच्छेपेक्षा अनुदानाच्या कोष्टकाने ठरवले आहे. प्रस्तुत लेखात ‘निकालावर अनुदान’ या पद्धतीच्या संदर्भात जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी आरंभी त्या पद्धतीच्या जन्मस्थळाकडे, म्हणजे इंग्लंडकडे, वळणे आवश्यक आहे.

१

इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी ‘सुधारित संहिता’ लागू केली. तिच्यानुसार शाळेला सरासरी हजेरीप्रमाणे दर मुलामागे ४ शिलिंग मिळत. याखेरीज पुरेशा दिवसांची हजेरी असलेल्या प्रत्येक मुलामागे ८ शिलिंग ठरवलेले होते. मात्र वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल, त्या प्रत्येक विषयापोटी त्यातून २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. ही व्यवस्था कार्यक्षम ठरली नाही तर निदान स्वस्त तरी ठरेल, अशा आशयाची ग्वाही लो यांनी पार्लमेंटला दिली होती. त्यांपैकी स्वस्ताई लवकरच सिद्ध झाली. १८६१ साली सुमारे ८ लाख १३ हजार पौंड असलेले सरकारी अनुदान १८६५ पर्यंत सुमारे ६ लाख ३७ हजार पौंडांवर आले.

या संहितेचा सर्वांत जाणता टीकाकार एक कवी होता. मॅथ्यू अर्नोल्ड हे १८५१ पासून १८८६ पर्यंत शाळा-तपासनीस होते. १८६२ सालीच ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये लेख लिहून त्यांनी या पद्धतीला विरोध केला आणि पुढे आपल्या तपासणी-अहवालांतूनही तो चालू ठेवला. त्यांचा मुख्य आक्षेप असा, की नव्या नियमाने शाळेचे बौद्धिक जीवन यांत्रिक होऊन जाते. मुले नेमलेले पुस्तक पाठ करून वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण होतात. त्यांना वाचता येते असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. येथे खर्च आणि दर्जा यांच्या नात्यातील एक महत्त्वाची गुंतागुंत प्रथमच स्पष्ट होते. पैशाला जे माप लावलेले असते, त्या मापात बसणारी गोष्टच शाळा पुरवू लागते, आणि काही काळाने त्या मापालाच ‘दर्जा’ असे नाव पडते.

२

हिंदुस्थानात अनुदानाचे तत्त्व १८५४ च्या वुडच्या खलित्याने आले. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा असा स्थानिक उपकर बसवण्यात आला आणि त्याचा एकतृतीयांश भाग शिक्षणासाठी ठेवण्यात आला. त्याच दशकात खासगी शाळांसाठी ‘निकालावर अनुदान’ ही पद्धतही इलाख्यात रुजली. म्हणजे पैसा शेतसाऱ्याबरोबर खेड्यातून वसूल होत होता, आणि तो वाटण्याचे नियम मात्र इंग्लंडच्या अनुभवावरून बेतलेले होते.

विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली फेब्रुवारी १८८२ मध्ये शिक्षण आयोग नेमला गेला. फुल्यांचे निवेदन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधले आणि इंग्रजीत आहे. अर्जाची नम्र भाषा त्यात आहे. परंतु तिच्या आत एक हिशेब मांडलेला आहे. सरकार शिक्षणासाठी म्हणून खास उपकर घेते, पण तो ज्या कामासाठी घेतला त्या कामी लागत नाही, ही त्याची पहिली नोंद. इलाख्यातील सुमारे नऊदशांश खेड्यांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नसल्याचे सांगितले जाते, ही दुसरी. म्हणजे प्रश्न खर्चाच्या रकमेपाशी संपत नाही. कोणाच्या घामाचा पैसा कोणाच्या शाळेत जातो, हे विचारल्याशिवाय ‘खर्च’ या शब्दाला अर्थच येत नाही.

दर्जाविषयीची फुल्यांची मांडणी विशेष लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. शिक्षकांचे पगार क्वचितच १० रुपयांच्या वर जातात आणि त्यांची पात्रताही बेताची असते, असे ते नोंदवतात. प्रशिक्षित शिक्षकाला निदान १२ रुपये आणि मोठ्या गावी १५ ते २० रुपये मिळावेत, अशी त्यांची मागणी आहे. एवढ्यावरच ते थांबले असते, तर ‘पैसा वाढवा, दर्जा वाढेल’ या मताचे ते एक पुरस्कर्ते ठरले असते. पण पगाराच्या मागणीला त्यांनी तीन गोष्टी जोडल्या आहेत. शिक्षक शेतकरी समाजातून यावेत, नांगर किंवा वाकस हाती धरायला न लाजणारे आणि लोकांत मिसळणारे असावेत. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्याबरोबर शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे. आणि तपासणी वर्षातून एकदा न होता निदान तिमाहीस व्हावी, शिवाय पूर्वसूचनेविनाही व्हावी. पगारामुळे माणूस मिळतो, प्रशिक्षणामुळे तो शिक्षक होतो आणि देखरेखीमुळे तो शिक्षक राहतो, अशी ही साखळी आहे. तिच्यातील कोणतीही कडी सुटली तर उरलेल्या कड्यांवरचा खर्च व्यर्थ जातो.

‘निकालावर अनुदान’ या पद्धतीला फुल्यांनी स्पष्ट विरोध केला. ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाही, तेथे ती निरुपयोगी आहे. अशा वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून पोट भरू शकेल असा शिक्षक मिळणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. अर्नोल्ड आणि फुले यांनी एकमेकांचे लेखन वाचले असावे, असा दावा येथे करावयाचा नाही. दोघांसमोर नियम मात्र एकाच घराण्यातला होता, आणि त्यांचे आक्षेप भिन्न आहेत. अर्नोल्ड यांना शाळेत असलेल्या मुलाच्या बुद्धीची चिंता आहे. फुल्यांना शाळेपर्यंत न पोहोचलेल्या मुलाची आहे. पहिला आक्षेप संस्कृतीच्या बाजूने येतो, दुसरा समाजरचनेच्या. हंटर आयोगाने महाविद्यालये या पद्धतीतून वगळली, पण अनुदानित प्राथमिक शाळांसाठी ती बऱ्याच अंशी कायम ठेवली, हे या दृष्टीने बोलके आहे. जेथे तिची झळ सर्वांत अधिक बसणार होती, तेथेच ती राहिली. १९०४ च्या सरकारी ठरावानंतर ती मागे पडली.

फुल्यांचा हाच हिशेब ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात मराठीतून येतो, तेव्हा त्याचा सूर पालटतो. आयोगाला उद्देशून लिहिताना जी नोंद आहे, ती येथे आरोप बनते. एकाच लेखकाने एकाच सुमारास दोन भाषांत व दोन प्रकारांत हा विषय हाताळावा, ही गोष्ट तौलनिक अभ्यासाला खुणावणारी आहे.

३

पुढील अर्धशतकात या प्रश्नाचे दोन टप्पे दिसतात. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये हाच मार्ग धरला. राज्यकर्त्याने मनावर घेतल्यास पैसा उभा राहतो, हे या संस्थानांनी दाखवले. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये मांडलेले विधेयक मर्यादित स्वरूपाचे होते, तरीही मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

दुसरा टप्पा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या भाषणाचा. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले : सरकार माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च करते, तर अबकारीतून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक आकडा दिला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. या तिसऱ्या आकड्याने चर्चेचे स्वरूप बदलते. मूल अर्ध्यावर गळत असेल, तर त्याच्यावर झालेला अपुरा खर्चही वाया जातो. अपुरेपणा हीच उधळपट्टी ठरते. कमी खर्च म्हणजे काटकसर, हे लो यांच्या काळापासूनचे गृहीतक येथे उलटे होते.

४

अलीकडच्या संशोधनाने या जुन्या अंतर्दृष्टीला निराळ्या मार्गाने पुष्टी दिली आहे. अमेरिकेत १९६६ च्या कोलमन अहवालानंतर ‘पैशाने फारसा फरक पडत नाही’ हे मत दीर्घकाळ प्रबळ होते. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र असे आढळले, की शालेय जीवनाची बाराही वर्षे दर मुलामागील खर्च १० टक्क्यांनी वाढला, तर गरीब घरांतील मुलांचे शिक्षण सुमारे अर्ध्या वर्षाने वाढते. याउलट इंडोनेशियात सेवेत असलेल्याच शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट केल्यावर मुलांच्या अध्ययनात सुधारणा आढळली नाही, असे २०१८ मधील एका अभ्यासाचा निष्कर्ष सांगतो. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. फुल्यांची साखळी ध्यानी घेतली, तर त्यांतील विरोध बराचसा मावळतो. फुल्यांची वेतनवाढ कोणत्या माणसाला शाळेत आणावयाचे आणि त्याच्याकडून काय अपेक्षावयाचे, याच्याशी बांधलेली होती. नुसती वेतनवाढ हे तिचे अर्धेच अंग होय.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला तोच आकडा पुन्हा लिहावा लागला. दरम्यान अध्ययन-निष्पत्तीच्या चाचण्या वाढल्या, आणि ‘पैसा वाढूनही दर्जा का वाढत नाही’ असा प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला. हा प्रश्न विचारणे गैर नाही. पण तो कोण विचारतो आणि उत्तरादाखल काय सुचवतो, हे पाहणे आवश्यक आहे. देखरेख नीट करण्यासाठी तो विचारला जात असेल, तर तो फुल्यांच्या परंपरेतला आहे. खर्च आखडता घेण्यासाठी विचारला जात असेल, तर ती लो यांची परंपरा. पैशाने दर्जाची हमी मिळत नाही, हे मान्य करावेच लागते. पैशावाचून दर्जाची अपेक्षा करण्याचा अधिकार मात्र उपकर गोळा करणाऱ्याला १८८२ मध्येही नव्हता, आणि आजही तो कोणाला प्राप्त झालेला नाही.