गोगलगायीच्या अंड्यांतील नकाशा

कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या मधल्या प्रदेशांत इस्लामपूर वसलें आहे. अशा मुलुखांतील संथ, उथळ पाण्यांत वनस्पतींच्या पानांखालीं गोगलगायीच्या अंड्यांचे पारदर्शक, बुळबुळीत पुंजके चिकटलेले असतात. लिम्निया कुळांतील ही गोगलगाय पशुपालकास उपद्रवी. कारण गुरांच्या यकृतांत शिरणाऱ्या चपट्या कृमीची बाल्यावस्था तिच्याच अंगांत जाते. परंतु याच कुळानें एका मोठ्या प्रश्नाच्या उकलीस हातभार लावला. प्राण्याची मज्जासंस्था घडूं लागते, ती कोठून?

गॉल्जी यांनीं १८७३ मध्यें रौप्यक्षारानें मज्जापेशी रंगविण्याची युक्ति प्रसिद्ध केली व तिच्या साह्यानें काहाल यांनीं प्रत्येक पेशी स्वतंत्र असल्याचें दाखविलें. १९०६ चें नोबेल पारितोषिक दोघांस विभागून मिळालें. मात्र या रंगानें पेशीचा आकार कळे. ती शेजारणीशीं कोणत्या भाषेंत बोलते, हें कळत नसे. १९२१ मध्यें ऑटो लोवी यांनीं मज्जातंतु उद्दीपित करून बेडकाचें हृदय मंद केलें व त्याभोंवतींचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. तेंही मंदावलें! निरोप रसायन पोंचवितें, हें उघड झालें. १९४८ मध्यें रक्तांतून सेरोटोनिन वेगळें काढण्यांत आलें. शिंपल्याच्या स्नायूंचा अभ्यास करणाऱ्या बेटी ट्वारोग यांनीं पेज यांच्यासह १९५३ मध्यें तें सस्तन प्राण्यांच्या मेंदूंतही असल्याचें दाखविलें.

आतां अशा पेशी प्रत्यक्ष पाहण्याचें साधन हवें होतें. १९६२ मध्यें फाल्क व हिलार्प यांनीं स्वीडनमध्यें तें दिलें. फॉर्माल्डिहाइडच्या वाफेनें सेरोटोनिनच्या पेशी पिवळ्या व डोपामिनच्या हिरव्या चमकूं लागल्या. पुढें प्रतिद्रव्यांचा उपयोग होऊं लागला, आणि १९९२ मध्यें मारवा व क्रोल यांनीं लिम्नियाच्या गर्भांतील सेरोटोनिनयुक्त पेशींचा टप्प्याटप्प्यानें नकाशा काढला.

मज्जासंस्था मेंदूंतून सुरू होऊन बाहेर पसरते, असें समजणें स्वाभाविक होतें. १९९६ मध्यें क्रोल व वोरोनेझस्काया यांना निराळेंच दिसलें. पहिल्या कांहीं पेशी गर्भाच्या मागील टोकाशीं उगवतात. त्यांचे तंतु पुढें सरकतात आणि त्यांनीं आंखलेल्या वाटेवरच पुढें मज्जापेशींच्या गांठी बांधल्या जातात. या पेशींत सेरोटोनिन नव्हे, तर १९७७ मध्यें एका शिंपल्यांत सांपडलेल्या एफएमआरएफ-अमाइडासारखें द्रव्य असतें. एकाच रंगावर विसंबणाऱ्यास त्या दिसल्याच नसत्या.

अर्थात् नकाशा म्हणजे उत्तर नव्हे. पेशींत कोणतें द्रव्य आहे, एवढेंच तो सांगतो. पेशीचें काम प्रयोगानेंच कळतें. हेलिसोमा नांवाच्या गोगलगायीचा गर्भ अंड्यांत सूक्ष्म केसांच्या योगें गरगर फिरत असतो. गोल्डबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, सेरोटोनिनयुक्त पेशींची एक जोडी ही गति चालविते व प्राणवायु कमी पडतांच ती वाढविते. मेंदू पुरता बांधला जाण्यापूर्वींच या दोन पेशी गर्भाच्या श्वासाची काळजी वाहूं लागतात. पानाखालच्या बुळबुळीत ठिपक्यांत एवढें काम चाललेलें असतें.