हाड आणि धातू यांच्या मधला मिलिमीटर

गुडघ्याच्या सांधेबदलाविषयी आपल्याकडे भरपूर बोलले जाते. वाट्या कधी बदलल्या, खर्च किती आला, जिना चढता येतो का, मांडी घालून बसता येते का, अशी चौकशी घरोघरी चालते. दवाखान्यातली चर्चा इम्प्लांटच्या जातकुळीची असते. या दोन्हींत एक जागा सहसा सुटते. धातू संपतो आणि हाड सुरू होते, ती जागा. तिथे सिमेंट घालावे की धातू थेट हाडावर बसवावा, हा निर्णय ऑपरेशनच्या टेबलावर काही मिनिटांत अमलात येतो. शरीर मात्र त्याला वर्षानुवर्षे प्रतिसाद देत राहते. त्या प्रतिसादाचा अभ्यास हाच या क्षेत्राचा गाभा आहे. पदव्युत्तर विद्यार्थी, फिजिओथेरपिस्ट, अभियंते, पेशीशास्त्रज्ञ अशा सर्वांना इथे करण्यासारखे काम आहे, म्हणून त्या सर्वांचे या क्षेत्रात मनापासून स्वागत करतो.

कृत्रिम सांधा हाडाला धरून कसा राहील, ही काळजी सांध्याइतकीच जुनी आहे. १८९० मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसवली, ती राळ, प्युमिसची भुकटी आणि प्लास्टर यांच्या मिश्रणाने. जंतुसंसर्गापुढे तो प्रयत्न टिकला नाही. १९५८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्यासाठी ॲक्रिलिक सिमेंट वापरायला सुरुवात केली. दातांच्या कवळ्यांसाठी वापरात असलेला हा पदार्थ मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ यांनी त्यांना सुचवला होता. गुडघ्याला आजचे रूप आले ते १९७४ मध्ये, न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमधल्या जॉन इन्सॉल यांच्या ‘टोटल कॉन्डिलर’ सांध्याने. तोही सिमेंटवरच बसवलेला होता.

सिमेंट चिकटवत नाही. फरशीखालचा माल जसा प्रत्येक खळगा भरून फरशीला बैठक देतो, तसे ते जाळीदार हाडाच्या छिद्रांत शिरून घट्ट होते. साधारण ४० ग्रॅम पावडर आणि २० मिलिलिटर द्रव एकत्र आले की दहा-पंधरा मिनिटांत दगड होतो, आणि होताना तापतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ४७ अंश सेल्सिअसची उष्णता मिनिटभर मिळाली तरी हाडाच्या पेशींना इजा झाल्याचे दिसले आहे. गुडघ्यात सिमेंटचा थर पातळ असतो आणि धातू बरीच उष्णता शोषून घेतो, त्यामुळे प्रत्यक्षातले तापमान प्रयोगशाळेतल्यापेक्षा बरेच कमी राहते. पण उष्णता ही एकच इजा नाही. करवतीचा घाव, थांबलेला रक्तपुरवठा आणि घट्ट न होता उरलेल्या द्रवाचा विषारीपणा यांची त्यात भर पडते. जर्मन अस्थितज्ज्ञ हान्स-गेऑर्ग विलर्ट यांनी या क्रमाचे टप्पे मांडले. पहिले काही आठवडे मेलेल्या हाडाचा पातळ थर, मग सुमारे दोन वर्षे चालणारी दुरुस्ती, आणि त्यानंतरचे स्थैर्य. दुरुस्तीच्या काळात शरीर काही ठिकाणी नवे हाड घालते, काही ठिकाणी तंतुमय पडदा. १९८३ मध्ये स्टीव्हन गोल्डरिंग आणि सहकाऱ्यांनी सैल झालेल्या सांध्यांखालचा असा पडदा तपासला, तेव्हा तो सांध्याच्या नैसर्गिक अस्तरासारखा दिसला आणि हाड विरघळवणारी द्रव्ये तयार करताना आढळला.

मला या साहित्यातले सर्वांत मोलाचे काम वाटते ते मृत्यूनंतर दान केलेल्या गुडघ्यांवरचे. अमेरिकेतल्या सिरॅक्युज इथे केनेथ मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे गुडघे सूक्ष्म पातळीवर पाहिले. रुग्णाला हयातीत काही तक्रार नव्हती, सांधा लूज झालेला नव्हता, आणि तरीही नडगीच्या हाडातली सिमेंटशी गुंफलेली बरीच जाळी हळूहळू नाहीशी झाली होती. सिमेंटमध्ये हाडाच्या तंतूंचे ठसे होते, तंतू नव्हते. म्हणजे पहिल्या दिवसाची घट्ट पकड हे शेवटचे वास्तव नव्हे. हा निष्कर्ष विद्यार्थ्याने फार लवकर पचवायला हवा, कारण पुढचे सारे वाचन त्यानेच बदलते.

सिमेंटविना बसवलेल्या सांध्याचा प्रवास उलट दिशेचा आहे. इथे पहिल्या दिवशी पकड कमी असते आणि ती शरीराला मिळवावी लागते. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रानेमार्क यांनी सशांच्या हाडात बसवलेले टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेले पाहिले, आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात तसे रोपण केले. गुडघ्यात धातूचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो. छिद्रे साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची असली तर हाड त्यांत चांगले वाढते. पुढचा क्रम मोडलेले हाड जुळावे तसाच: रक्ताची गुठळी, तीत शिरणाऱ्या पेशी, काही आठवड्यांत कच्चे विणलेले हाड, काही महिन्यांत पक्के. अट एकच, हालचाल. धातू आणि हाड यांच्यात ४०-५० मायक्रॉनपेक्षा कमी सरक असेल तर हाड वाढते, १५० च्या वर गेली तर तिथे तंतुमय ऊती भरते. इतक्या बारीक फरकावर सांध्याचे भवितव्य अवलंबून असल्याने हाडाचा काप किती सपाट आहे, याला इथे असाधारण महत्त्व येते. सिमेंट कापातली उणीव भरून काढते, उघडा धातू काढत नाही.

ही सरक मोजायची कशी? स्वीडनमधल्या लुंड इथे गोरान सेल्विक यांनी १९७४ मध्ये प्रबंधातून एक पद्धत मांडली. हाडात टँटलमचे बारीक मणी ठेवायचे, दोन कोनांतून एकाच वेळी एक्स-रे घ्यायचे आणि सांध्याची जागा मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजायची. या पद्धतीने चित्र उलगडले. सिमेंटविना बसवलेला नडगीचा भाग पहिल्या तीन महिन्यांत जास्त खचतो, कधी मिलिमीटरच्या आसपासही, आणि मग थांबतो. सिमेंटचा सुरुवातीला जवळजवळ हलत नाही, पण काही सांधे संथपणे सरकतच राहतात. लाइफ रिड यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवले की पहिल्या ते दुसऱ्या वर्षात ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकणाऱ्या सांध्यांत पुढे लूज होण्याचा धोका मोठा असतो. सुरुवातीचे खचणे आणि न थांबणारे सरकणे यांतला भेद कळला की दोन्ही पद्धतींवरचे अर्धे वाद आपोआप गळून पडतात.

या क्षेत्राने एक मोठा चुकीचा आळही घेतला आहे. सांध्याभोवती हाड खाल्ले जाते असे दिसले तेव्हा दोष सिमेंटला दिला गेला, ‘सिमेंटचा आजार’ असे नावही १९८७ मध्ये छापून आले. मग सिमेंटविना बसवलेल्या सांध्यांभोवतीही तेच खड्डे दिसू लागले, काही वेळा धातूच्या पट्टीतल्या स्क्रूच्या वाटेने खोलवर. सांध्यातल्या झिजलेल्या प्लास्टिकचे, म्हणजे पॉलिएथिलीनचे, मायक्रॉनहूनही लहान कण हा मुख्य कारक होता. भक्षक पेशी ते गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ यांसारखे संदेश सोडत राहतात. त्यांतून हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. सिमेंटचे सुटे कणही अशी प्रतिक्रिया देतात, पण ते एकटे दोषी नव्हते. नंतर आलेल्या अधिक जोडबंध असलेल्या पॉलिएथिलीनने झीज कमी केली.

सर्वांगाच्या प्रतिसादावर इथे थोडेच लिहितो. रक्तातली दाह दाखवणारी द्रव्ये पाहिली तर इंटरल्यूकिन-६ पहिल्या दिवसात शिखर गाठून काही दिवसांत उतरते, सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जाते आणि काही आठवड्यांत पूर्ववत होते. गुडघा हाताला गरम लागणे महिनोन् महिने टिकू शकते, आणि एरवी प्रकृती सुधारत असेल तर तेवढ्याने रुग्णाला घाबरवू नये. उतरलेली सीआरपी पुन्हा चढली तर मात्र जंतुसंसर्गाचा विचार टाळता येत नाही. हा सारा उठाव मुख्यतः कापलेल्या हाडाचा आणि स्नायूंचा आहे. सिमेंट आहे की नाही, याचा खरा फरक सांध्यालगतच्या त्या मिलिमीटरमध्येच शोधावा लागतो.

आज जगभरात बहुतेक गुडघे सिमेंटनेच बसवले जातात. स्वीडनच्या १९७५ पासून चाललेल्या नोंदणीसारख्या मोठ्या नोंदींनी त्याला भक्कम आधार दिला आहे. त्रिमितीय छपाईने घडवलेल्या सच्छिद्र धातूमुळे सिमेंटविना पद्धतीला, विशेषतः तरुण आणि वजनदार रुग्णांत, पुन्हा बळ आले आहे. माझा कल विचाराल तर तो हाडाकडे पाहून ठरवण्याचा आहे. आपल्या बाह्यरुग्ण विभागांत येणारा गुडघा अनेकदा वर्षानुवर्षे बाहेर वाकलेला असतो. आतल्या बाजूचे हाड भार सोसून दगडासारखे झालेले, बाहेरच्या बाजूचे विरळ, त्यात रजोनिवृत्तीनंतरची हाडांची झीज आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता. कठीण बाजूत सिमेंट शिरत नाही म्हणून तिथे बारीक भोके पाडावी लागतात. विरळ बाजूत उघडा धातू खचू शकतो. एकाच नडगीच्या माथ्यावर दोन वेगळी हाडे असताना शरीर कोणत्या पद्धतीला कसा प्रतिसाद देते, हे सरक मोजून, हाडाची घनता तपासून आणि रुग्णांना वर्षानुवर्षे परत बोलावून पाहणे आपल्याच रुग्णालयांत शक्य आहे, आणि ते काम हाती घेणाऱ्यांची इथे गरज आहे.