पागलखाना म्हणायची सवय

आमच्या केशोरीत कुणाची झोप उडाली, कुणी एकटाच बडबडायला लागला, की लोक हसून म्हणतात, "याले नागपूरले न्या." म्हणजे पागलखान्यात. तो १८६४ चा, इंग्रजांच्या काळातला. पुढं १९१२ च्या कायद्यानं अशा आजाऱ्याला 'ल्युनॅटिक' ठरवलं. भटकताना दिसला तर पोलीस धरून मॅजिस्ट्रेटपुढं उभा करत. आजाऱ्याला चोरासारखं नेत असतील, तर घरचे लपवतीलच ना! आम्हीही काकाचा आजार लपवला. तो कायदा १९९३ मध्ये गेला, २०१७ च्या कायद्यानं उपचार हा हक्क झाला. पाटीवर आता 'प्रादेशिक मनोरुग्णालय' आहे, आपल्या तोंडात मात्र पागलखानाच. सरकारच्या टेलि-मानसचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. काकाच्या वेळी तो नव्हता.