थोड्या पैशांत काय येते?

तरुण पिढी कमावते तेवढे उडवते, ही तक्रार मुंबईतल्या चारकोपमध्येही ऐकू येते. महावीर नगरच्या खाऊगल्लीत रोज संध्याकाळी गर्दी, हातात हप्त्यावर घेतलेला फोन, दाराशी ऑनलाइन मागवलेली खोकी. त्याच घरातल्या आईवडिलांनी मात्र भिशी, पतपेढी आणि पोस्टातल्या खात्यावर संसार उभा केला. हे वर्णन बरेचसे खरे आहे, पण त्याचे जे कारण सांगितले जाते ते मला पटत नाही. आधीची पिढी केवळ स्वभावाने काटकसरी होती म्हणून वाचवत नव्हती. थोड्या थोड्या पैशांनी वाढवता येईल अशी एक वस्तू तिच्या हाताशी होती, आणि ती म्हणजे चारकोपचे घर.

१९८५ साली जागतिक बँकेने मुंबई नागरी विकास प्रकल्पाला १३.८ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्यातून म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी इथे तयार घरांऐवजी प्रामुख्याने भूखंड दिले. पाणी, रस्ते, सांडपाण्याची सोय सरकारने करायची आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे, अशी ही योजना होती. गरिबांसाठीचे भूखंड पंचवीस-तीस चौरस मीटरच्या आसपासचे होते. सुमारे ३५ घरांची एक सोसायटी, मधे सामाईक अंगण. मोठे भूखंड बाजारभावाने विकून लहानांच्या किमती आवाक्यात ठेवल्या गेल्या. या आखणीने घर एका दमात पुरे करण्याची सक्ती काढून टाकली. आधी भिंती आणि वर पत्रा, बोनस आला की स्लॅब, मुलगा कामाला लागला की वरचा मजला; घर रस्त्याकडेला असले तर खालच्या खोलीत किराणा किंवा शिलाईचे यंत्र. भिशी लागली की ते पैसे कुठे जाणार हे ठरलेले असे: सिमेंट, विटा, लाद्या. पाच हजार रुपयांना किंमत होती, कारण पाच हजारांत घराचा एखादा भाग येत होता. अशा योजनांना त्या काळी संथ आणि शहराबाहेर फेकलेल्या म्हणून नावे ठेवली गेली. कॅथरिन ओवेन्स, सुमिला गुलियानी आणि आंद्रेया रिझवी यांनी मुंबई-चेन्नईतल्या अशा वसाहतींचा पुन्हा केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्या नांदत्या, मिश्र उत्पन्नाच्या वस्त्या झालेल्या आढळल्या.

यावर कोणी म्हणेल की अनेक मूळ मालकांनी पुढे घरे विकली. विकली, हे खरेच. पण विकायला काही उभे राहिले ते त्याच किरकोळ बचतीतून. आजच्या पंचविशीतल्या मुलाकडे महिनाअखेर पाच-दहा हजार उरले, तर त्यातून त्याने घराच्या दिशेने काय घ्यावे? इमारतीतल्या फ्लॅटची एक भिंत यंदा आणि दुसरी पुढच्या वर्षी अशी विकत मिळत नाही. तिथे सुरुवातीलाच लाखांची रक्कम भरावी लागते. मग ते पैसे फोनकडे, सहलीकडे, हॉटेलकडे वळतात. २०१६ साली आलेल्या यूपीआयने खर्च सोपा केला आणि जानेवारी २०२३ मध्ये अंधेरी पश्चिमेपर्यंत पोहोचलेल्या मेट्रोने मॉल जवळ आणले, हे मान्य. पण सोय झाल्याने खर्चाचा वेग वाढतो. बचतीचे ध्येय का हरवले, हे त्यातून कळत नाही.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे. २०२२-२३ मध्ये देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली. कित्येक दशकांतला हा नीचांक. ही चैन नाही तर काय? त्यावर अर्थ मंत्रालयाने उत्तर दिले की लोक घर आणि वाहनासाठी कर्जे घेत आहेत. हे उत्तर अर्धे बरोबर आहे. ज्यांचा हात घरापर्यंत पोहोचतो ते सगळी मिळकत हप्त्यात ओततात. ज्यांचा पोहोचत नाही त्यांच्याविषयी ते काही सांगत नाही. चारकोपमध्ये आणखी एक गोष्ट आहे. आईवडिलांनी बांधलेले छप्पर डोक्यावर असल्याने अनेक मुलांना भाड्याची धास्ती नाही, आणि त्यांच्या मोकळ्या खर्चामागे त्या जुन्या बचतीचाच आधार आहे.

चीनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दिसते. तिथे १९९८ साली सरकारी आस्थापनांकडून घरे वाटणे थांबले, घर बाजारात गेले आणि मोठ्या शहरांत ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले. पगार महिन्यात संपवणारी पिढी म्हणून ज्या शहरी तरुणांना बोल लावले जात होते, त्यांच्यातलेच अनेकजण २०२३ च्या सुमारास एकेक ग्रॅमचे सोन्याचे दाणे घेऊन बाटलीत साठवू लागले. अर्थव्यवस्थेची भीती हे त्याचे एक कारण. पण महिन्याच्या पगारातून झेपेल एवढ्या मापात टिकाऊ काही मिळाले, म्हणून त्या भीतीचे बचतीत रूपांतर झाले. दोन-चार वर्षांत एका पिढीचा स्वभाव बदलत नाही.

मुंबईतला तो प्रकल्प १९९४ मध्ये संपला. त्यानंतर या शहरात त्या प्रमाणावर असे लहान, टप्प्याटप्प्याने बांधायचे भूखंड पुन्हा वाटले गेले नाहीत. मुलांना काटकसर शिकवणाऱ्यांनी आधी अशा भूखंडांची मागणी करावी.