देशांतर संस्कार: पंचांगाचा आणि प्रोग्रामचा

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती, हे इतिहास शिकवणाऱ्यांना ठाऊक असतेच. हे नाव खगोलाच्या ग्रंथांतही आले आहे, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पहिल्या भास्कराचार्यांनी सातव्या शतकात लिहिलेल्या ‘महाभास्करीय’ या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरील गावांची यादी आहे. तीत अवंती म्हणजे उज्जैन आहे, स्थाण्वीश्वर म्हणजे ठाणेसर आहे आणि वात्स्यगुल्मही आहे. वाशीममधील मध्यमेश्वराचे मंदिर याच रेषेवर आहे, असे गावात सांगतात.

ही रेषा हवी कशाला? ग्रहांची स्थाने काढायची ती कोणत्या तरी एका ठिकाणच्या वेळेला धरून काढावी लागतात. ती मध्यरेषेसाठी एकदा काढली, की इतर गावांना पुन्हा सगळे गणित करावे लागत नाही. आपले गाव रेषेच्या पूर्वेला असेल तर अमुक वजा करा, पश्चिमेला असेल तर अमुक मिळवा, एवढे सांगितले की काम भागते. याला देशांतर संस्कार म्हणतात. गणित एकच, गावागणिक फक्त छोटी दुरुस्ती. कल्पना फार उपयोगी होती, पण दुरुस्ती बरोबर असेल तरच. आज मोजले तर उज्जैन सुमारे ७५.८ आणि वाशीम ७७.१ पूर्व रेखांशावर येते. म्हणजे दोन्ही गावांच्या सूर्योदयात रेखांशामुळेच पाचसाडेपाच मिनिटांचा फरक पडतो. मध्यरेषेवरच्या गावाला संस्कार लागत नाही, असे यादीवर विसंबून धरणारा वाशीमचा गणिती तेवढ्याने चुकणार.

संगणकाच्या जगात हाच प्रश्न गेली पन्नास वर्षे चालू आहे आणि तो सोडवणारी माणसे बोटांवर मोजण्याएवढी आहेत. त्यांच्याविषयी हा लेख आहे.

१९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा तयार केली आणि १९७३ मध्ये युनिक्स ही प्रणाली तीत नव्याने लिहिली गेली. त्याआधी अशी प्रणाली बहुधा त्या त्या यंत्राच्या भाषेत लिहीत आणि यंत्र बदलले की ती टाकून द्यावी लागे. १९७७-७८ मध्ये युनिक्स इंटरडेटा या अगदी वेगळ्या यंत्रावर चालवून दाखवली गेली, तेव्हा सीचे सामर्थ्य लोकांना पटले. पण या यशाने एक नवी अडचण आणली. बर्कली विद्यापीठाने आपली युनिक्स काढली, एटी अँड टीने आपली, आणि मग सन, एचपी, आयबीएम यांनी आपापली. नाव एक, स्वभाव निराळे. सीमध्ये ‘मॅलॉक’ नावाचे एक फंक्शन आहे. ‘मला इतकी जागा द्या’ अशी मागणी त्याच्याकडे करायची. शून्य जागा मागितली तर काय? काही प्रणाली खरा पत्ता देतात, काही ‘नाही’ म्हणतात. प्रमाण सीच्या नियमांनुसार दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण ‘नाही’ या उत्तराचा अर्थ ‘जागा संपली’ असा घेणारा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर विनाकारण बंद पडतो.

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येतील असे प्रोग्राम लिहायचे, हा त्याचा हेतू. ग्नूची स्वतःची पूर्ण प्रणाली तयार नसल्याने हे प्रोग्राम वर सांगितलेल्या सगळ्या युनिक्सांवर चालवावे लागले. मग प्रत्येक लेखकाने आपल्या प्रोग्रामसोबत दुरुस्त्यांची एक पेटी ठेवली. फायलींचे प्रोग्राम एका संचात, मजकुराचे दुसऱ्यात, शेलचे तिसऱ्यात, आणि प्रत्येक संचात तीच पेटी. एकाने आपल्या पेटीतील चूक सुधारली तरी बाकीच्या दोघांना पत्ता नसे. जिम मेयरिंग हे तिन्ही संच सांभाळत, त्यामुळे हा त्रास त्यांना सर्वांत आधी जाणवला असल्यास नवल नाही. पुढे २००३च्या सुमारास हे तिन्ही संच एकत्र होऊन ‘कोअरयुटिल्स’ झाले. त्याच काळात या पेट्यांची एक सामाईक पेटी आकाराला येत होती. तिचे नाव ग्नूलिब.

ग्नूलिब ही नेहमीच्या अर्थाने लायब्ररी नाही. ती संगणकावर बसवायची नसते. तिच्यात शेकडो छोटे भाग आहेत. आपल्याला हवे तेवढे भाग निवडायचे, आणि एक साधन त्यांची मूळ प्रत आपल्या प्रोग्रामच्या लिखाणात आणून ठेवते. पुढे एखाद्याने तो प्रोग्राम आपल्या यंत्रावर बांधायला घेतला, की ‘कॉन्फिगर’ नावाची एक आज्ञावली आधी त्या यंत्राची परीक्षा घेते. ही आज्ञावली बनवणारे ऑटोकॉन्फ हे साधन डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये लिहिले. इथला मॅलॉक शून्याला काय उत्तर देतो? उत्तर ठीक असेल तर यंत्राचाच मॅलॉक वापरायचा, नसेल तर ग्नूलिबचा. म्हणजे परीक्षा घेऊन मग संस्कार. यादीत नाव आहे म्हणून सूट देणे नाही, की नाव नाही म्हणून शिक्षाही नाही.

मेयरिंग यांच्याबरोबर पॉल एगर्ट आणि ब्रुनो हाइबल यांनी हे काम वर्षानुवर्षे वाहिले आहे. ग्नूलिबच्या पुस्तिकेत प्रत्येक फंक्शनखाली दोन याद्या असतात: ग्नूलिब कोणत्या अडचणी दूर करते आणि कोणत्या दूर करत नाही. आम्हा संशोधकांना ही दुसरी यादी जास्त भावते. आपले उपकरण काय मोजू शकत नाही, हे इतक्या सरळपणे लिहिणारे कमीच.

या कामाचा मराठीशीही संबंध येतो. सीमध्ये कोणतेही अक्षर साठवण्यासाठी ‘डब्ल्यूकॅर’ हा प्रकार आहे. लिनक्सवर त्याला ३२ बिटांची जागा मिळते, विंडोजवर १६ बिटांची. १६ बिटांत ६५,५३६ वेगळे क्रमांक मावतात. देवनागरीचे क्रमांक त्यात बसतात, म्हणून आपले अडले नाही. पण मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली तेव्हा तिला मिळालेले क्रमांक या मर्यादेपलीकडचे होते. विंडोजवर मोडीचे एक अक्षर डब्ल्यूकॅरच्या एका घरात मावत नाही, त्याची दोन शकले होतात, आणि अक्षरे एकेक करून तपासणारा प्रोग्राम अर्ध्या अक्षराला पूर्ण समजतो. २०२३ मध्ये हाइबल यांनी ग्नूलिबचे असे अनेक भाग सर्वत्र ३२ बिटांचीच जागा घेणाऱ्या प्रकारावर आणले. त्यांच्या डोळ्यांसमोर मोडी असण्याचे कारण नव्हते, पण पेशव्यांच्या दप्तरातला मजकूर ज्यांना संगणकावर शोधायचा आहे त्यांचीही त्यात सोय झाली.

वेळेचे प्रकरण आणखी जवळचे आहे. भारतात प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत चालवली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ देशाची घड्याळे एक तास पुढे होती. जगभरच्या अशा सगळ्या लहरींची नोंद ठेवणारा एक मुक्त संग्रह आहे, आणि त्याचे संपादनही पॉल एगर्टच पाहत आले आहेत. २०११ मध्ये ज्योतिषाचे प्रोग्राम विकणाऱ्या ॲस्ट्रोलेब या अमेरिकी कंपनीने या नोंदींवर हक्क सांगून त्यांच्यावर व संग्रहाचे जनक आर्थर ओल्सन यांच्यावर दावा लावला. २०१२ मध्ये तो माफी मागून मागे घेण्यात आला.

तारीख आणि तास दिले असता १९७० पासूनचे सेकंद काढणारे ‘एमकेटाइम’ हे फंक्शन एगर्ट यांचेच. लिनक्सची मुख्य लायब्ररी ग्लिबसी आणि ग्नूलिब ते वाटून घेतात. जुन्या यंत्रांवर हे सेकंद ३२ बिटांत ठेवलेले असतात. १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की ती जागा भरेल आणि पुढच्याच सेकंदाला यंत्र १९०१ साली जाईल. ग्लिबसीने २०२१ मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांसाठी ६४ बिटांची सोय दिली. ती जिथे आहे तिथे प्रोग्रामने वापरावी, यासाठीचा भाग ग्नूलिबमध्ये आहे. पण ज्या प्रोग्रामला वाली नाही, त्यात तो आणून ठेवणार कोण?

नकलून घेण्याच्या या पद्धतीत एक धोका आहे आणि २०२४ मध्ये तो उघड झाला. एक्सझेड हा फायली दाबून लहान करणारा प्रोग्राम जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतो. लासे कॉलिन हे गृहस्थ तो बहुतांशी एकट्याने, फावल्या वेळात सांभाळत. थकव्याच्या काळात त्यांना ‘जिया टॅन’ नावाने एक मदतनीस लाभला. त्याने दोनअडीच वर्षे चोख काम करून विश्वास मिळवला आणि शेवटी एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्यांनी तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही आणि चोरी पकडली गेली.

चोरदरवाजा उघडणारी पहिली कळ ‘बिल्ड-टू-होस्ट’ नावाच्या फाइलीत होती. ही फाइल ग्नूलिबची. शेकडो प्रोग्रामांत अशा फायली नकलून आलेल्या असतात आणि त्या कोणी वाचत नाही, हे चोराने बरोबर ओळखले होते. ग्नूलिबची खरी फाइल निर्दोष होती. बदललेली प्रत फक्त वाटपाच्या गाठोड्यात होती, सर्वांसमोर असलेल्या मूळ लिखाणात नव्हती. ग्नूलिबमधील अशा फायलींच्या सुरुवातीला एक अनुक्रमांक असतो आणि सुधारणा झाली की तो एकेकाने वाढतो. ग्नूलिबमध्ये त्या वेळी तो ३ होता. चोराच्या प्रतीवर ३० लिहिले होते.